व्हीलचेअर मागणारा प्रवासी चालताना दिसला तर

प्रश्न विचारणारा तरुण सावंतवाडीकडचा आहे. गेले आठ महिने तो एका विमानतळावर प्रवाशांच्या व्हीलचेअर ढकलण्याचे काम करतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एका पाळीत पंधरा-वीस प्रवासी व्हीलचेअर मागतात. त्यांतले निम्मे काउंटरपर्यंत आपल्या पायांनी चालत आलेले असतात आणि काही जण तर उतरल्यावर बॅग ओढत सरळ बाहेर निघून जातात. खुर्च्या कमी, ढकलणारी माणसे त्याहून कमी, त्यामुळे खरा गरजू ताटकळतो. तेव्हा खरा रुग्ण आणि सोंग घेतलेला प्रवासी यांतला फरक ओळखायचा कसा, अपंगत्वाचे ओळखपत्र मागावे का, आणि रांगेतले लोक टोमणे मारू लागले की त्यांना काय उत्तर द्यायचे?

मी कुडाळात 26 वर्षे फिजिओथेरपीचा व्यवसाय करतो आहे. प्रवासाला निघालेल्या रुग्णांची तयारी करून देणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे, आणि गोव्यातला मोपा व सिंधुदुर्गातला चिपी हे दोन विमानतळ सुरू झाल्यापासून तो बराच वाढला आहे. त्या अनुभवावर हे उत्तर लिहितो. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माणसाकडे पाहून त्याची गरज ओळखता येते का, हा पहिला. आणि खुर्च्या अपुऱ्या असताना कोणाला आधी न्यावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आहे. दुसऱ्याला मात्र चांगले उत्तर आहे, आणि ते देण्यासाठी खरा कोण व खोटा कोण याचा निवाडा करावाच लागत नाही.

पहिल्या प्रश्नाबाबत माझीच एक चूक सांगतो. मालवणकडचा एक मच्छीमार माझ्याकडे आला होता. वय साठीच्या आतबाहेर, आणि आयुष्यभर रापणीचे दोर ओढून खांदे, दंड, पोटऱ्या अशा घडलेल्या की कोणीही त्याला धडधाकटच म्हणावे. मुलीकडे आखाती देशात जायचे होते आणि विमानतळावर खुर्ची मिळावी म्हणून त्याला चिठ्ठी हवी होती. मी हसून म्हणालो, ‘‘तुम्हाला कशाला हवी खुर्ची?’’ तोही ओशाळून हसला आणि चिठ्ठी न घेता गेला. परत आल्यावर त्याने काहीशा संकोचाने सांगितले की सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्याला दम लागून जमिनीवर बसावे लागले आणि भोवतीच्या लोकांना तो प्यायलेला वाटला. मग मी त्याचे कागद नीट वाचले. आधीच्या हृदयविकाराच्या झटक्याने हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता निम्म्याहून अधिक घटलेली होती. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो हे मोजण्याची एक साधी चाचणी आमच्याकडे असते. ती घेतली तेव्हा तो दोनदा थांबला आणि तीनशे मीटरही चालू शकला नाही. माझ्या खोलीच्या दारापासून खुर्चीपर्यंतची दहा पावले मात्र तो ऐटीत चालत आला होता. पदवी आणि फाईल हाताशी असताना मी चुकलो. तुमच्या हाताशी तर तेही नसते.

दहा पावले पाहून कोणी किती चालू शकेल हे का कळत नाही, ते दोन आजारांच्या उदाहरणाने सांगतो, कारण ते दोन्ही तुमच्यासमोर रोज येत असणार. पहिला म्हणजे कमरेच्या मणक्यात नसांसाठी असलेली पोकळी वयाप्रमाणे अरुंद होणे. या आजाराची खुबी अशी की माणूस ताठ उभा राहिला की ती पोकळी आणखी आवळते आणि पुढे वाकला की थोडी सैल होते. म्हणून लावणीच्या दिवसांत वाकून तरवा लावणारी बाई तासन्‌तास काम करते, घराकडची जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, पुढे झुकून चढून जाते, आणि तीच बाई रेशनच्या रांगेत पाच मिनिटे उभी राहिली की पाय जड होतात, मुंग्या येतात, कधी पाय आपले नाहीतच असे तिला वाटते. अशीच एक आजी मला म्हणाली होती, ‘‘माका चलाक जमता, पण उभ्या रवाक जमणा नाय.’’ या एका वाक्यात निदानाचा मोठा भाग येऊन जातो. आता ही आजी विमानतळावर काय करते ते पाहा. गाडीतून उतरून काउंटरपर्यंत ती चालत येते. रांगेच्या भीतीने खुर्ची मागते. विमानात दीड-दोन तास बसून तिच्या नसा मोकळ्या होतात, आणि उतरल्यावर रांग नसल्यामुळे ती चालत बाहेर जाते. तुम्हाला हे सोंग वाटते, मला मात्र तिच्या आजाराचे हे पाठ्यपुस्तकी वर्णन वाटते.

दुसरा आजार याच्या नेमका उलटा वागतो. धूम्रपान किंवा मधुमेहामुळे पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झालेल्या माणसाला उभे राहण्याचा काहीच त्रास नसतो. ठराविक अंतर चालले की त्याच्या पोटरीत गोळा येतो, चढावावर तो लवकर येतो, आणि दोन-चार मिनिटे नुसते थांबले की जातो. हा गृहस्थ रांगेत ऐसपैस गप्पा मारत उभा असतो, म्हणून तुमच्या मनात तोही संशयित ठरतो. पहिल्या आजीला रांग नको असते, याला लांबची वाट नको असते, आणि दोघांच्या चेहऱ्यावर यातले काहीही लिहिलेले नसते.

बाकीचे थोडक्यात सांगतो. आमवाताच्या रुग्णाचे सांधे सकाळी तासभर किंवा त्याहून अधिक काळ आखडलेले असतात, त्यामुळे पहाटेच्या विमानाला खुर्ची मागणारी बाई संध्याकाळच्या विमानाला कदाचित मागणारही नाही. फुप्फुसाच्या जुनाट विकारात बसल्या जागी दम लागत नाही, बोलता येते, हसता येते. पन्नास पावलांनंतर मात्र वाक्य पुरे होत नाही. कर्करोगाचे उपचार नुकतेच संपवलेल्या माणसाचा थकवा एका रात्रीच्या झोपेने जात नाही. आणि एक गोष्ट या सर्वांना लागू आहे: घरून निघताना माणसाच्या गाठीला त्या दिवसापुरते ठराविकच चालणे असते. कणकवलीहून गाडीत दीड तास अवघडून आलेल्या, आधल्या रात्री सामान बांधत जागलेल्या माणसाने त्यातले बरेचसे तुमच्यासमोर येण्यापूर्वीच खर्च केलेले असते. उरलेले तो काउंटरपर्यंत चालत येण्यात वापरतो, कारण तिथवर खुर्ची आणून देणारे कोणी नसते. तुम्हाला दिसते ते नेमके हेच चालणे.

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांबद्दल वेगळे लिहितो, कारण तिथे तुमचे वागणे प्रत्यक्ष उपयोगी पडते. या रुग्णांचे पाय औषधाच्या वेळेनुसार चालतात. गोळी लागू असेपर्यंत चाल बरी असते. तिचा अंमल ओसरला की तोच माणूस अर्ध्या तासात अवघडतो. शिवाय अरुंद दारातून जाताना त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, आणि धातुशोधक चौकट म्हणजे तसले अरुंद दारच. मागून कोणी ‘चला, चला’ म्हटले की पाय अधिकच घट्ट होतात. अशा वेळी हात धरून ओढू नये. आपला बूट त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवून ‘यावरून पाय टाका’ असे सांगावे, किंवा एका लयीत एक-दोन, एक-दोन असे मोजावे. बहुतेक वेळा पाऊल सुटते. प्रवासाचा वेळ कमी असताना हे सुचत नाही, म्हणून आधीच मनात ठेवा.

आता सोंगाबद्दल. खोटे सांगून खुर्ची घेणारे असतात आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. रांग टाळण्यासाठी, आधी आत जायला मिळावे म्हणून, कधी नुसत्या आळसाने लोक खुर्ची मागतात. तिकीट काढताना एका चौकोनात खूण केली की काम होते आणि पैसे पडत नाहीत, हेही कारण आहे. पण तुमच्या निम्म्या प्रवाशांत आणखी एक मोठा गट मिसळलेला असेल. मुलाकडे अमेरिकेला किंवा दुबईला पहिल्यांदाच एकटे निघालेले आईवडील. त्यांचे गुडघे ठीक असतात, पण इंग्रजी येत नाही, पाट्या कळत नाहीत, गेट बदलल्याची घोषणा समजत नाही. म्हणून मुले पलीकडे बसून त्यांच्या तिकिटावर व्हीलचेअरची नोंद करून ठेवतात. त्यांना खुर्ची नको असते, खुर्चीसोबत येणारा माणूस हवा असतो. याला मी लबाडी म्हणणार नाही. विमान कंपन्यांकडे नुसती सोबत देण्याची वेगळी सोय अनेक ठिकाणी असते, ती मागावी, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवे. तुम्हाला असे आजोबा भेटले आणि ते स्वतःच म्हणाले की मला चालता येते, तर त्यांना सोबत घेऊन चालत जा आणि खुर्ची दुसऱ्याला द्या. ते बहुधा आनंदाने तयार होतील. आमच्याकडच्या पुरुषांना खुर्चीत बसण्याची लाजच जास्त वाटते. ‘मी काय लंगडो झालंय?’ हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो, आणि बाहेर पडताना बॅग ओढत निघून जाणाऱ्यांपैकी कितीतरी जण एवढ्याचसाठी खुर्चीतून उठतात की दाराबाहेर हार घेऊन उभ्या असलेल्या लेकरांनी आपल्याला तशा अवस्थेत पाहू नये. काही जण यासाठीही उठतात की विमानाच्या दाराशी खुर्चीची वाट पाहत अर्धा तास गेलेला असतो.

समजा, तुम्ही संशयाने चुकलात. चूक दोन बाजूंना होऊ शकते. सोंग करणाऱ्याला खुर्ची दिली तर वीस मिनिटे आणि थोडे श्रम वाया गेले. गरजवंताला नाकारली तर काय होते, याचे उदाहरण मुंबई विमानतळावर फेब्रुवारी 2024 मध्ये घडले. न्यूयॉर्कहून आलेल्या 80 वर्षांच्या एका प्रवाशाने स्वतःसाठी आणि पत्नीसाठी व्हीलचेअर आधीच मागून ठेवली होती. तिथे मिळाली एकच. पत्नी तीत बसली, ते तिच्यासोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळून त्यांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला 30 लाख रुपये दंड केला. त्या दिवशी त्यांना कोणी खोटे ठरवलेले नव्हते, खुर्च्याच कमी होत्या. पण पत्नीबरोबर चालत निघालेले आजोबा पाहून तुमच्या-माझ्यासारख्याला ‘यांना जमेल’ असेच वाटले असते, म्हणून हे उदाहरण देतो.

इथून दुसरा प्रश्न सुरू होतो. पाच जण थांबले आहेत आणि खुर्च्या दोनच आहेत. इथे प्रामाणिकपणाच्या क्रमाने लावायला गेलात तर तुम्ही न्यायाधीश होता, आणि तोही पुरावा नसलेला. वाट पाहावी लागली तर कोणाचे काय बिघडेल, या क्रमाने लावा. दूरच्या अंतरासाठीच खुर्ची हवी असणारा माणूस साध्या बाकावर बसून वीस मिनिटे आरामात थांबू शकतो. त्याला उभे मात्र ठेवायचे नाही. ज्याचे विमान आधी आहे, ज्याला एक पाऊलही टाकता येत नाही, ज्याला बसल्या बसल्याही दम लागतो आहे, त्याला आधी न्या. बाकावर बसवून ‘मी पावणेसहाला येतो’ असे वेळ सांगून जाणे आणि त्या वेळी खरोखर येणे, याने अर्धी तक्रार मिटते. ज्याला खुर्ची रांग टाळण्यासाठीच हवी असते त्याला बाकावर बसून वाट पाहण्यात रस नसतो, तो पाच-सात मिनिटांत आपणहून उठून चालू लागतो. त्याला अडवू नका आणि त्याच्याकडे विजयी नजरेने पाहूही नका, कारण तोच कदाचित आमचा पोटरीत गोळा येणारा गृहस्थ असेल आणि मध्ये थांबत थांबत जाण्याचे त्याने ठरवले असेल.

हा क्रम लावण्यासाठी तुम्हाला आजार विचारण्याची गरज नाही, आणि विचारूही नये. चार लोकांत ‘तुम्हाला नक्की काय होते?’ हा प्रश्न अपमानाचा आहे. तीन गोष्टी विचारा. जिना किंवा शिडी चढता येते का? रांगेत उभे राहणे जमते का? आणि विमानातल्या आपल्या जागेपर्यंत चालत जाता येईल का? विमान कंपन्यांच्या नोंदीत व्हीलचेअरच्या प्रवाशांचे जे तीन वर्ग असतात ते साधारण याच उत्तरांवर बेतलेले आहेत. शिडी चढून जागेपर्यंत जाता येणारा पण लांबचे अंतर न झेपणारा तो एक. सपाटीवर जरा चालणारा पण शिडी न चढू शकणारा तो दुसरा. आणि जागेपर्यंत उचलून किंवा अरुंद खुर्चीतून न्यावे लागणारा तो तिसरा. म्हणजे व्हीलचेअर मागणाऱ्यांत चालू शकणाऱ्यांचा एक वर्ग नियमानेच धरलेला आहे. तुम्ही ज्यांना पकडू पाहत आहात त्यांतले बरेच जण त्या पहिल्या वर्गातले आहेत.

रांगेत उभे राहण्याचा प्रश्न त्या वर्गीकरणात नाही. तो मी पाखाडीवाल्या आजीसाठी माझ्याकडून घातला आहे.

उत्तर विमानतळानुसार बदलते, हेही लक्षात घ्या. चिपीसारख्या लहान ठिकाणी इमारतीतले अंतर फारसे नसते, पण विमानात शिडीने चढावे लागते. तिथे गुडघ्याचा रुग्ण अडतो आणि दम लागणारा कसाबसा निभावतो. मुंबईच्या मोठ्या टर्मिनलमध्ये विमानाच्या दारापर्यंत शिडी नसते, पण वाट संपत नाही. तिथे नेमके उलट होते. म्हणून एकाच बाईने सिंधुदुर्गात खुर्ची नाकारली आणि मुंबईत मागितली तर तिने कोठेच खोटे सांगितलेले नाही.

तुम्ही ओळखपत्राचेही विचारले आहे. ते मागून प्रश्न सुटणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. कंपवात त्यात आहे, पण हृदयाची दुर्बलता किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार नाही. आणि जे प्रकार आहेत त्यांतही अनेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट लागते. माझ्या मच्छीमाराला ते कार्ड कधीच मिळाले नसते. महासंचालनालयाच्या नियमांत वयामुळे किंवा तात्पुरत्या कारणाने हालचाल मंदावलेला प्रवासीही मदतीस पात्र धरला आहे, आणि ज्याला केवळ विमानतळावर व चढता-उतरताना मदत हवी आहे त्याच्याकडे वैद्यकीय दाखल्याचा आग्रह धरू नये असेही म्हटले आहे. प्रवाशाने मात्र 48 तास आधी कळवावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि मी माझ्या रुग्णांना ती पाळायला लावतो. शिवाय मी आता प्रत्येकाला न मागता एक छोटी चिठ्ठी देतो. तीत आजाराचे नाव नसते. ‘100 मीटरहून अधिक चालणे व 5 मिनिटांहून अधिक उभे राहणे शक्य नाही, शिडी सावकाश चढता येते’ एवढेच लिहिलेले असते. तुमच्यासारख्याला तेवढेच उपयोगाचे आहे. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर 2016 मध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांची हिरवी गळ्यातली फीत सुरू झाली. आपल्याकडे बेंगळुरू आणि दिल्लीच्या विमानतळांनीही ती स्वीकारली आहे. तुमच्याकडे अशी फीत घातलेला प्रवासी आला तर त्याचा अर्थ एवढाच की याला वेळ थोडा अधिक लागेल.

खुर्ची ढकलण्याच्या कामाचे दोन शब्द, कारण हे तुम्हाला कोणी शिकवलेले नसण्याची शक्यता आहे. बसताना-उठताना आधी ब्रेक लावा आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या वर करा. उठताना त्या पट्टीवर पाय देऊन पडलेले लोक मी पाहिले आहेत. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, म्हणजे प्रवाशाची पाठ उताराकडे करून, उतरवा. काखेत हात घालून कोणालाही उचलू नका, त्यात त्यांचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात. गेटपाशी सोडताना तोंड भिंतीकडे करून ठेवू नका, आणि जाण्यापूर्वी स्वच्छतागृहाचे विचारा. बोलणे प्रवाशाशी करा. सोबतच्या सुनेला ‘यांना पाणी हवे का?’ असे विचारले की आजी खुर्चीत बसल्या बसल्या सामान होऊन जाते.

राहिले टोमण्यांचे. ‘अहो, हे तर आत्ता चालत होते’ असे रांगेतून कोणी म्हणाले, तर बाजू मांडू नका, आजार सांगू नका, आणि त्या माणसाकडे पाहून डोळेही मिचकावू नका. खुर्चीत बसलेल्या माणसाला मागचे दिसत नसले तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरून सगळे कळते. माझ्या रुग्णांनी विमानतळावरच्या ज्या गोष्टी परत येऊन मला सांगितल्या, त्यांत पायाच्या दुखण्याहून ही नजरच अधिक वेळा आली आहे. ‘यांची मदत आधी नोंदवलेली आहे, जरा वाट द्या’ एवढे बोला, ब्रेक सोडा आणि पुढे व्हा.